कंपनी नवी कोरी गाडी मोडून का टाकते? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत अपघाती गाड्यांच्या नुकसानीचा सर्व्हे करण्यात माझी २३ वर्षं गेली. कोंडाईबारी घाटात किंवा पळासनेरच्या उतारावर नव्या गाड्यांनी भरलेला कंटेनर पलटी झाला की त्याचे फोटो दोन दिवसांत गावोगावच्या ग्रुपवर फिरतात आणि माझा फोन वाजायला लागतो. प्रश्न दर वेळी साधारण तेच असतात. ते विचारणाऱ्यांच्याच शब्दांत खाली दिले आहेत. एका उत्तरात सांगितलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वाहतुकीत ठोकलेली नवी गाडी कंपनी खरोखर मोडते का? की ही नुसती ऐकीव गोष्ट आहे?

मोडते, पण सगळ्या नाही. दाराला ओरखडा, बंपरला चीर, फुटलेला आरसा, अशा गाड्या कंपनीच्या यार्डात किंवा डीलरकडे दुरुस्त होऊन विकल्या जातात (प्रश्न १४ आणि १५ पाहा). मोडल्या जातात त्या चार प्रकारच्या: पाण्यात बुडालेल्या, आगीची झळ लागलेल्या, चासीला किंवा बॉडीच्या सांगाड्याला मार बसलेल्या, आणि आत नेमकं काय बिघडलं हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही अशा. लोकांना पटत नाही तो हा चौथा प्रकार.

२. "भाऊ, नवी गाडी शे, टायरले माती बी लागेल नही. मोडतस कसाले?"

हा मेसेज नवापूरहून आला होता आणि सगळ्या प्रश्नांचं मूळ त्यात आहे.

आपण गाडी घेतो तेव्हा डीलर नमुना २१ देतो, तो विक्रीचा दाखला. त्याच्याबरोबर कंपनीचा नमुना २२ असतो. अमुक चासी नंबरची, अमुक इंजिन नंबरची ही गाडी प्रदूषणाच्या आणि सुरक्षिततेच्या नियमांत बसते, रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे, असं कंपनी त्यात सहीनिशी लिहून देते. हा कागद नसेल तर आरटीओ पासिंग करत नाही. म्हणजे कंपनी पत्रा, इंजिन आणि चार चाकं विकते, आणि त्या प्रत्येक गाडीमागे आपला शब्दही देते. गाडी घाटात तीन कोलांट्या खाऊन आली की तो शब्द कशाच्या जोरावर द्यायचा?

रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बागेत हरण्या, म्हणजे सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला की तो पट्टे पडलेलं रोप उपटतोच, आणि लागण वाढली तर हिरवीगार दिसणारी शेजारची रोपंही काढून टाकतो. त्याच्या जिवाला ते लागतं. पण कोणतं रोप आतून धरलंय हे डोळ्यांना दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या रोगावर पुढचे दहा महिने खत-पाणी घालणं त्याला परवडत नाही. मोटार कंपनीचा हिशोब याच जातीचा आहे. फरक एवढाच की तिची चूक माणसाच्या जिवावर बेतते.

३. ओरखडाही नसलेल्या गाड्या मोडल्याचं एखादं खरं उदाहरण सांगा.

सर्वांत मोठं उदाहरण २००६ सालचं. 'कौगर एस' नावाचं मोटारवाहू जहाज जपानहून उत्तर अमेरिकेकडे निघालं होतं. जुलैमध्ये अलास्काच्या अल्युशियन बेटांजवळ, तोल राखण्याच्या टाक्यांमधलं पाणी बदलत असताना जहाजाचा तोल गेला आणि ते जवळपास ६० अंशांत कलंडलं. बुडालं नाही. आतमध्ये ४,७०३ माझदा गाड्या पट्ट्यांनी बांधलेल्या होत्या आणि बहुतेक जागच्या जागी राहिल्या. जहाज सरळ करून किनाऱ्याला आणलं तेव्हा कित्येक गाड्या शोरूममध्ये उभ्या कराव्यात अशा दिसत होत्या.

माझदाने त्या सगळ्या मोडल्या. गाड्या कित्येक आठवडे भिंतीला टांगल्यासारख्या होत्या. तेल, ब्रेक ऑइल, बॅटरीचं आम्ल कुठून कुठे झिरपलं, पट्ट्यांच्या ताणाने कोणता सांधा किती ओढला गेला, हे ४,७०३ गाड्यांच्या बाबतीत एकेक करून सिद्ध करणं शक्य नव्हतं. प्रशिक्षणासाठी आणि सिनेमासाठी गाड्यांची मागणी आली, तिलाही नकार दिला. ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला प्रत्येक गाडीची एअरबॅग फोडून, द्रव काढून ती यंत्रात घातली गेली. हे काम वर्षाहून जास्त चाललं.

दुसरं उदाहरण थायलंडचं. २०११ च्या पुरात होंडाचा आयुथयाचा कारखाना पाण्याखाली गेला. तयार झालेल्या १,०५५ गाड्या बुडाल्या होत्या. होंडाने पत्रकारांना बोलावून, त्यांच्या डोळ्यांदेखत मोडतोड सुरू केली. गिऱ्हाइकाच्या मनात 'मला मिळालेली गाडी त्या पुरातली तर नाही ना' ही शंका राहू नये, म्हणून ते जाहीरपणे केलं. मला हे वागणं योग्य वाटतं.

४. पाण्यात दोन तास राहिली तर काय बिघडतं? वाळवली, सर्व्हिसिंग केलं की झालं ना?

जुन्या जीपचं होत होतं, आजच्या गाडीचं होत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नदीचं पाणी शिरलं, त्यानंतर मी कितीतरी गाड्या उघडून पाहिल्या. पुराचं पाणी म्हणजे गाळ. तो गालिच्याखाली, सीटच्या रुळांत आणि दारांच्या पोकळीत बसतो. आजच्या गाडीत वायरिंगचा जाडजूड जुडगा जमिनीलगत, गालिच्याखालून जातो. त्याच्या जोडांमध्ये बारीक पिना असतात. पाणी उतरतं, गाडी वाळते, चालूही होते. मग तीन-चार महिन्यांनी त्या पिनांवर हिरवट गंज चढतो. एक दिवस हेडलाइट आपोआप बंद होतात, नाहीतर पॉवर स्टीअरिंग मध्येच जड होतं.

मिस्त्री लोक म्हणतात, 'पाण्यातली गाडी आजारी पडत नाही, ती आजारी राहते.' शंभरातल्या किती गाड्या अशा निघतील हे कुणीच सांगू शकत नाही, आणि नेमकी तीच कंपनीची अडचण आहे.

५. एअरबॅगचा एवढा बाऊ का करतात?

एअरबॅग म्हणजे नुसती पिशवी नसते. मागे धातूच्या डबीत स्फोटक मसाला असतो. धडक बसली की तो पेटतो आणि डोळ्याची पापणी लवण्याआधी पिशवी फुगते. पिशवी उशिरा फुगली तर उपयोग नाही, भलत्या वेळी फुगली तर चालकाचा ताबा सुटतो, आणि मसाला बिघडून जास्त जोरात पेटला तर डबीचेच तुकडे छातीत घुसतात.

हे शेवटचं घडलेलं आहे. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधला अमोनियम नायट्रेटचा मसाला वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडत गेला, माणसं मेली, आणि जगभरातून सुमारे १० कोटी डब्या परत बोलवाव्या लागल्या. त्या गाड्या पुरात बुडालेल्याही नव्हत्या. मग दोन दिवस गाळात बसलेल्या आणि पुढे भुसावळच्या मे महिन्यात उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीची हमी कोण देणार?

आणि तपासायची कशी? काडी पेटते का हे ती पेटवल्याशिवाय कळत नाही, आणि पेटवली की काडी उरत नाही. एअरबॅगचंही तसंच.

६. आम्ही 'जशी आहे तशी घेतली, तक्रार नाही' असं स्टॅम्प पेपरवर लिहून देतो. मग तरी विकायला काय हरकत?

हा प्रश्न विचारणारा मनापासून विचारतो, म्हणून नीट सांगतो.

पहिली गोष्ट, तुम्ही लिहून दिलेला कागद तुम्हाला बांधतो, दुसऱ्याला नाही. ती गाडी तुम्ही दोन वर्षांनी शहाद्याच्या कुणाला विकाल, त्याला कागदाचा पत्ताही नसेल. तुमच्या शेजारच्या सीटवर बसलेल्या बायकोने, मागे बसलेल्या लेकरांनी काही लिहून दिलेलं नसतं. समोरून मोटारसायकलवर येणाऱ्याने तर नाहीच. ४ जुलै २०२३ ला पळासनेरला एक कंटेनर वाहनांना उडवत महामार्गालगतच्या हॉटेलात शिरला, दहा जण गेले, ब्रेक निकामी झाल्याचं सांगितलं गेलं. ते वाहन असं वाहतुकीत खराब झालेलं नव्हतं, गैरसमज नको. पण ब्रेक जातात तेव्हा कोण मरतं, हे त्या दिवशी आपल्या जिल्ह्याने पाहिलं. ज्यांचा त्या गाडीशी काडीचाही संबंध नव्हता असे लोक.

दुसरी गोष्ट, कायदा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या सहाव्या प्रकरणात उत्पादनाच्या सदोषतेची जबाबदारी आली आहे, आणि कलम ८४ थेट उत्पादकाला धरतं. दोष माहीत असून विकलेल्या मालाने इजा झाली तर स्टॅम्प पेपर दाखवून कंपनीला हात झटकता येत नाहीत.

तिसरी, नमुना २२ (प्रश्न २). खोटं लिहून देता येत नाही आणि खरं लिहिलं तर पासिंग होत नाही.

७. मग भंगार म्हणून तरी विकावी. भंगारवाला काय ती चालवणार आहे?

चालवतो. निदान चालवली गेल्याचं प्रकरण आपल्या देशात झालेलं आहे. बीएस-३ या प्रदूषणाच्या जुन्या मानकाच्या वाहनांवर बंदी आल्यानंतर (प्रश्न १७) अशोक लेलँडने काही ट्रक भंगाराच्या भावात विकले. ते ट्रक मोडले न जाता बनावट कागदांवर नागालँडमध्ये नोंदवले गेले आणि आंध्रात धावले, असा आरोप ठेवून पोलिसांनी गुन्हे नोंदवले, पुढे ईडीनेही तपास करून मालमत्तेवर टाच आणली. भंगाराच्या पावतीवर विकलेलं वाहन माणसं आणि माल घेऊन रस्त्यावर येऊ शकतं, ते असं. म्हणून शहाण्या कंपन्या आधी मोडतात, मग भंगार विकतात. अखंड गाडी फाटकाबाहेर जाऊ देत नाहीत.

८. इंजिन चांगलं, दारं चांगली, काचा चांगल्या. सुटे भाग काढून विकले तर कुणाचं काय जातं?

काही भाग निघतात. टायर, बॅटरी, सायलेन्सरच्या उत्प्रेरकातले मौल्यवान धातू वेगळे काढले जातात. पण ते वस्तू म्हणून परत गाडीत बसत नाहीत, कच्चा माल म्हणून जातात.

अखंड भाग विकण्यातली अडचण अशी की सुट्या भागाला इतिहास नसतो. पुरातल्या गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक, डबीत घालून, कंपनीचं स्टिकर लावून काउंटरवर आला की तो नवा की बुडालेला हे पारोळ्याचा फिटर कसं ओळखणार? तो प्रामाणिकपणे बसवेल आणि शिव्या मात्र त्याला बसतील.

दारं आणि काचांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. जे भाग जीव वाचवण्याच्या कामात येत नाहीत, ज्यांची तपासणी डोळ्यांनी होते, ते ठळक खूण करून स्वस्तात द्यायला हवेत. सीट कव्हर, हेडलाइटची काच, टपाचं अस्तर यांना कात्री लावताना पाहिलं की आजही मला वाईट वाटतं.

९. हे नुकसान शेवटी भरतं कोण?

कारखान्यातून निघालेल्या गाड्यांचा वाहतुकीचा विमा असतो. कंटेनर पलटला की आमच्यासारखा सर्व्हेअर जातो, एकेका चासी नंबरची नोंद करतो, आणि विमा कंपनी भरपाई देते.

खरी मेख पुढे आहे. एरवी पूर्ण भरपाई दिली की उरलेला माल, ज्याला आम्ही सॅल्व्हेज म्हणतो, विमा कंपनीचा होतो आणि ती त्याचा लिलाव करून पैसे वसूल करते. पण मोठे उत्पादक पॉलिसीत 'ब्रँड अँड लेबल क्लॉज' घालून घेतात: आमचं नाव असलेला खराब माल आमच्या संमतीशिवाय बाजारात जाणार नाही. तो क्लॉज असला तर गाडी मोडली जाते आणि भरपाईतून फक्त भंगाराची किंमत वजा होते. तो नसला तर कंपनी आणि विमा कंपनी यांच्यात महिनोन्‌महिने पत्रापत्री चालते आणि गाड्या एखाद्या ढाब्यामागच्या यार्डात धूळ खात पडतात. लोकांना दिसतात त्या 'बेवारस' नव्या गाड्या बहुतेक वेळा अशाच पत्रापत्रीत अडकलेल्या असतात.

विम्याचा हप्ता गाडीच्या किमतीतच येतो, म्हणजे थेंबाथेंबाने आपण सगळेच भरतो.

१०. कर वाचवण्यासाठी मोडतात असं ऐकलं.

नाही. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(ह) प्रमाणे नष्ट झालेल्या किंवा केलेल्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करावं लागतं. म्हणजे मोडल्याने जीएसटीचा बोजा वाढतो. आयकरात तोटा म्हणून वजावट मिळते, पण रुपया घालवून चार आणे वाचवण्यात फायदा कसला?

११. मोडतात म्हणजे नक्की काय करतात? बुलडोझर फिरवतात का?

तसं केलं तर आग लागेल. आधी बॅटरी सुटते. मग पेट्रोल-डिझेल, इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि एसीचा गॅस काढतात. एअरबॅगा आणि सीटबेल्टचे ताणक दुरून, वायरने, मुद्दाम फोडतात. चासी नंबर नोंदवून बाद करतात. त्यानंतर गाडी दाबून तिचा गठ्ठा होतो किंवा यंत्रात तुकडे होतात, आणि लोखंड भट्टीकडे जातं.

आपल्याकडे यासाठी २०२१ पासून नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रांचे नियम आहेत. ते फक्त जुन्या गाड्यांसाठी आहेत असा समज आहे, तो चुकीचा. उत्पादनात नाकारलेल्या, चाचणीच्या, कारखान्यातून डीलरकडे येताना खराब झालेल्या आणि न विकलेल्या गाड्याही उत्पादकाच्या मंजुरीने तिथे मोडता येतात. १ एप्रिल २०२५ पासून वापर संपलेल्या वाहनांचे पर्यावरणविषयक नियमही लागू झाले आणि त्यात उत्पादकावर आपल्या वाहनांच्या भंगाराची जबाबदारी आली.

१२. आयटीआयच्या पोरांना शिकायला का देत नाहीत? आमच्याकडे अजून जुन्या इंजिनावर शिकवतात.

या प्रश्नावर माझा जीव तुटतो.

काही कंपन्या देतात. चासी नंबर बाद करून, 'रस्त्यावर आणणार नाही, विकणार नाही' असा करार करून देतात. पण हात आखडता असतो आणि त्यालाही कारण आहे. अमेरिकेत क्रायस्लरने डॉज व्हायपरच्या उत्पादनापूर्वीच्या गाड्या तंत्रशिक्षण संस्थांना दिल्या होत्या. २०१४ मध्ये त्यांतल्या ९३ गाड्या मोडा असं पत्र कंपनीने पाठवलं. त्यांतल्या काही रस्त्यावर आणल्या गेल्या आणि अपघात झाले, असं एका संस्थेने सांगितलं. कंपनीचं म्हणणं होतं की त्या आता शिकवण्याच्या उपयोगाच्या राहिल्या नाहीत. पोरं रडवेली झाली होती.

तरीही मला वाटतं, यावर तोडगा निघतो. इंजिनाच्या ब्लॉकला भोक पाडा, चासी मधोमध कापून स्टँडवर बसवा, एअरबॅगा आधी काढा. अशी गाडी कुणी रस्त्यावर आणू शकत नाही, पण वायरिंग, सेन्सर, गिअरबॉक्स सगळं शिकता येतं. नंदुरबारच्या पोराने पहिल्यांदा ईसीएम पाहायचा तो पुण्यात नोकरीला लागल्यावर, हे बरोबर नाही. प्राचार्यांनी कंपनीच्या प्रशिक्षण विभागाला थेट पत्र लिहावं आणि गाडी कापलेल्या अवस्थेत चालेल हे त्यात स्पष्ट लिहावं. माझ्या माहितीत अशा दोन पत्रांना होकार आला आहे.

१३. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन नाही, तेल नाही. तिचं नुकसान कमी मानतात का?

उलट जास्त. बॅटरी पॅक गाडीच्या तळाशी असतो, म्हणजे घाटातल्या दगडाचा पहिला मार त्यालाच. आतला एखादा सेल चेपला तर आग त्याच दिवशी लागेल असं नाही, काही दिवसांनीही लागू शकते. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयन वादळाच्या खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्या नंतर पेटल्या.

पण दर वेळी दोष मोठ्या बॅटरीचाच असतो असंही नाही. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूआर्क बंदरावर फिस्कर कंपनीच्या ३०० हून अधिक गाड्या समुद्राच्या पाण्यात गेल्या आणि त्यांतल्या सोळा जळाल्या. तपासात निघालं की एका नियंत्रण युनिटमध्ये मिठाने गंज धरला आणि साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीच्या विजेने ठिणगी पडली. प्रश्न ४ मधला गंज तो हाच, इथे फक्त तो लवकर पेटला.

१४. गारपिटीत चेपलेल्या नव्या गाड्याही मोडतात का?

नाही. गारांनी टपाला, बॉनेटला खळगे पडतात, सांगाडा शाबूत असतो. रंग न खरवडता आतून पत्रा उचलून ते काढता येतात. अशी गाडी सवलतीत मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. काय झालं होतं आणि काय दुरुस्त केलं हे बिलावर लिहून घ्या.

१५. शोरूमवाल्याने वाहतुकीत ठोकलेली गाडी रंगवून 'नवी' म्हणून गळ्यात मारली तर कळणार कसं?

असं होतं. मी स्वतः एकदा घरच्यासाठी घेतलेल्या गाडीचं मागचं दार दुसऱ्या दिवशी उन्हात पाहिलं आणि पोटात गोळा आला. रंगाची छटा वेगळी होती. वाद घालून गाडी बदलून मिळाली, पण सर्व्हेअर असून मी संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात ताबा घेतला होता. तुम्ही तसं करू नका.

पासिंगच्या आधी, दिवसाउजेडी गाडी पाहा. दारांच्या बिजागऱ्यांचे आणि बॉनेटचे बोल्ट पाहा, पान्याने रंग उडालेला असेल तर भाग खोललेला आहे. काचांवरचे शिक्के एकाच कंपनीचे आणि जवळपासच्या तारखांचे असावेत. दाराच्या रबराखाली रंगाचा थर जाड लागतो का, बोट फिरवून पाहा. चासी नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो, तो गाडीवर, नमुना २२ वर आणि बिलावर तंतोतंत जुळला पाहिजे.

शंका आली तर ताबा घेऊ नका आणि लेखी विचारा: 'या गाडीवर डेंटिंग-पेंटिंग झालं आहे का?' ताबा घेतल्यावर कळलं तर आधी डीलरला आणि कंपनीला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानेही नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच चालते. मुदत दोन वर्षांची आहे.

१६. कंपनी बुडालेली गाडी मोडते. माझी दोन महिन्यांची गाडी बुडाली तर मला 'दुरुस्त करून घ्या' का सांगतात? हा कोणता न्याय?

प्रश्न अगदी रास्त आहे.

फरक ताब्याचा आहे. चावी हातात आली की गाडी तुमची, आणि नुकसानीचा हिशोब तुमच्या पॉलिसीने होतो. त्या हिशोबात दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला तर टोटल लॉस, नाहीतर दुरुस्ती. कंपनी स्वतःच्या यार्डात ही रेषा पाळत नाही, ती शंकेवरच मोडते. तुमच्यासाठी मात्र आकड्याने ठरतं. मला यात अन्याय दिसतो आणि मी अहवालात शक्य तितकं स्पष्ट लिहितो: पाणी डॅशबोर्डपर्यंत गेलं असेल तर वायरिंग आणि एअरबॅगची सगळी यंत्रणा बदलण्याचा खर्च धरलाच पाहिजे. तो प्रामाणिकपणे धरला की बरेचदा गाडी ७५ टक्क्यांच्या वर जाते. म्हणून गॅरेजच्या पहिल्या कोटेशनवर सही करू नका, वायरिंग आणि एअरबॅग त्यात आहेत का ते पाहा.

पाणी शिरलेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तो खर्च नाकारण्याचं आयतं कारण विमा कंपनीला मिळतं. नवी गाडी असेल तर 'रिटर्न टू इन्व्हॉइस' जोड घेऊन ठेवा, टोटल लॉसला बिलाची रक्कम मिळते.

आणि एक राहतंच. गाडी कायमची निकामी झाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करायची असते. लोक भरपाई मिळाली की विसरतात. मग तुमच्या आरसीवर, तुमच्या नावावर चोरीची गाडी फिरू शकते.

१७. बीएस-३ च्या वेळी राहिलेल्या सगळ्या गाड्या मोडल्या का?

नाही. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ ची विक्री आणि नोंदणी बंद केली तेव्हा देशात अशी सुमारे ८ लाख वाहनं पडून होती, त्यांतली बहुतेक दुचाकी. ३० आणि ३१ मार्चला सवलतीत मोटारसायकली घ्यायला लागलेली झुंबड धुळे-जळगावकरांना आठवत असेल. उरलेली काही परदेशी पाठवली, काही ट्रकांना नवी इंजिनं बसवली, काही भंगारात गेली. त्या गाड्यांत दोष नव्हता, त्यांचा काळ संपला होता.

१८. अजिबात खराब नसलेली गाडीही मोडतात का?

हो. चाचणीच्या आणि उत्पादनापूर्वीच्या गाड्या अंतिम मंजूर नमुन्याप्रमाणे नसतात, त्यांना नमुना २२ मिळतच नाही. त्या मोडणं मला समजतं.

जनरल मोटर्सच्या ईव्ही-१ चं मात्र मला आजही पटत नाही. १९९६ ते १९९९ दरम्यान हजाराहून थोड्या जास्त इलेक्ट्रिक गाड्या बनवल्या, भाड्याने दिल्या, आणि २००३ च्या सुमारास परत घेऊन बहुतेक चिरडल्या. सुट्या भागांचा आणि जबाबदारीचा प्रश्न होता असं कंपनी म्हणाली. चालवणारे गाड्या विकत मागत होते. शंकेपोटी मोडणं वेगळं आणि नकोशी झाली म्हणून मोडणं वेगळं.

१९. ट्रेलरवरून पडलेला नवा ट्रॅक्टर मी फक्त शेतात चालवीन, रस्त्यावर आणणार नाही. तरी नाही का देणार?

अमळनेर, शिरपूर, चोपडा, सगळीकडून हा प्रश्न येतो. ट्रॅक्टरही कायद्याने मोटार वाहनच आहे. कलम ३९ मधले शब्द 'सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कोणत्याही ठिकाणी' असे आहेत, म्हणजे स्वतःच्या शेतातही नोंदणीशिवाय चालवण्याची मोकळीक नाही. आणि कापूस वेचून झाला की तोच ट्रॅक्टर ट्रॉली जोडून जिनिंगला जाणार, रात्री, मागे लाल दिवा नसताना. हे तुम्हालाही माहीत आहे आणि कंपनीलाही.

२०. ओळखीचा माणूस 'कंपनीची डॅमेज गाडी' निम्म्या किमतीत देतोय. घेऊ का?

त्याच्याकडे चार गोष्टी मागा: गाडीच्या चासी नंबरचा नमुना २१, कंपनीच्या सहीचा नमुना २२, जीएसटीचं बिल, आणि काय नुकसान झालं होतं याचा सर्व्हे रिपोर्ट किंवा दुरुस्तीचं बिल. आधी पासिंग झालेली असेल तर वाहन पोर्टलवर नंबर टाकून पहिली नोंदणी कुठली हे पाहा. २००५ ला मुंबई बुडाली, २००६ ला तापीच्या पुरात सुरत बुडालं, आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथल्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात आल्या. त्यांतल्या काही मी नंतर रस्त्याच्या कडेला जळालेल्या पाहिल्या. आपल्या आरसीवर 'पुरात बुडालेली' असा शिक्का कुठेच नसतो.

चारपैकी एकही कागद 'नंतर देतो' म्हणाला तर बयाणा देऊ नका.